कर्जात अडकलेल्या व्यापाऱ्याने वकील केव्हा गाठावा?

मागच्या महिन्यात रात्री दुकान वाढवण्याच्या वेळी एक तरुण व्यापारी माझ्याकडे आला. शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत ताग्यांकडे पाहत उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "चाचा, दिवाळखोरीचा वकील कोण आहे आपल्याकडे?" गुप्त रोगाच्या डॉक्टरचा पत्ता माणूस ज्या आवाजात विचारतो, त्या आवाजात त्याने हे विचारले.

मी त्याला सांगितले की अशी पाटी वणीत कोठे लागलेली नाही. दिवाणी दावे नेटाने चालवणारा आणि हिशेबाची वही वाचू शकणारा वकील, तोच तुझा वकील. पण एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही आणि व्हायला नकोच होते. त्याच्या डोक्यात जे प्रश्न होते तेच सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात होते. म्हणून हे लिहीत आहे. मी वकील नाही, कपड्याचा व्यापारी आहे. जे लिहितो ते ठेच खाऊन शिकलेले आहे.

आमचा धंदा कापसावर चालतो हे वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा भागातल्या वाचकांना सांगायला नको. सणासुदीचा आणि लग्नसराईचा कपडा उधारीवर जातो, कापूस विकला की पैसा येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. १ जुलै २०१७ पासून कपड्यावर जीएसटी लागला. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीने कापूस खाल्ला. शेतकऱ्याच्या घरात पैसा नाही, तर माझ्या गल्ल्यात कोठून येणार? त्या वर्षी सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी केली, त्याआधी २००८ साली झाली होती आणि नंतर २०१९ सालीही झाली. चांगले झाले, मला त्याचा हेवा नाही. पण माफी झाली ती बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला. दुकानदाराच्या वहीतली उधारी त्यात कोणी धरली नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या पाच घाऊक पार्ट्यांचे देणे आणि बँकेची कॅश क्रेडिट मिळून माझी झोप उडाली होती.

तेव्हा मी ज्या वकिलाकडे गेलो त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांनी माझी वही पाहिली नाही. "सहा महिने दुकान बंद ठेवा, फोन उचलू नका, नोटीस आली तर घेऊ नका, तारखा मी पाहतो," असे सांगून फी घेतली. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. कोर्टाचा मराठी कागद मला सरसर वाचता येत नव्हता आणि हे कबूल करायची लाज वाटत होती. त्यांनी बोट ठेवले तेथे मी सही केली. (पुढे नीट वाचायला शिकलो तेव्हा हसू आले. दरखास्त, हुकूमनामा, जप्ती, मुदत, वकालतनामा. अर्धे शब्द तर आमच्याच शाळेतले निघाले.)

त्या सल्ल्याचा परिणाम असा झाला की दोन चेक परत गेले आणि मी नोटीस घेतली नाही. कायदा असा आहे: चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाली की समोरच्याने तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर फौजदारी तक्रार होऊ शकत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस नाकारली, किंवा घरी नाही म्हणून परत पाठवली, तरी ती मिळाली असेच कोर्ट धरते. ते पंधरा दिवस माझ्या हातातले सोने होते. मी ते लपून बसण्यात घालवले. चेकच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दिवाळखोरीचा अर्ज केला म्हणून ही फौजदारी सुटत नाही, हे आमच्या लोकांना ठाऊकच नसते.

आणि ते सिक्युरिटीचे कोरे चेक! माल उचलताना सही करून देतो आणि विसरतो. "रक्कम तर मी लिहिलीच नव्हती," हा बचाव मीही मनात घोकत होतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली स्पष्ट केले की सही करून स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकात रक्कम दुसऱ्याने भरली तरी तो देण्यापोटी दिला होता असेच कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे शाबीत करण्याचा भार सही करणाऱ्यावर असतो. कोणाकडे किती चेक पडून आहेत आणि त्यांचे नंबर काय, ही यादी कर्ज नसतानाच करून ठेवावी.

आता मूळ प्रश्न. दिवाळे कायद्याने कसे निघते? वर्तमानपत्रांत जो २०१६ चा नवा कायदा गाजतो तो मुख्यतः कंपन्यांसाठी वापरला जातो. त्यात व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी वेगळा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्या माणसांपुरता. अगदी गरिबासाठी नवी सुरुवात करून देणारी एक तरतूदही त्यात आहे: वर्षाचे उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार आणि कर्ज पस्तीस हजार यांच्या आतले लोक. तीही कागदावरच राहिली आहे. तिचे नाव घेऊन कोणी अर्ज भरून देतो म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. दुकानदार, शिंपी, गादीवाला, सुतार यांना मुंबई शहरात १९०९ चा आणि आपल्यासारख्या मुलखात १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदाच लागतो.

हा शंभर वर्षांचा म्हातारा कायदा वाटतो तितका वाईट नाही. देणे फेडण्याची ऐपत नसेल आणि कर्ज पाचशे रुपये किंवा जास्त असेल, अगर पैशाच्या हुकूमनाम्यात अटक किंवा जप्ती झाली असेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. पाचशे ही १९२० ची रक्कम आहे, आज एका बऱ्या साडीला तेवढे पडतात. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. शासनाने अधिकार दिले असतील तेथे खालच्या न्यायालयातही चालतो. इंग्रजांच्या काळात आपल्या जिल्ह्यालाच वणीचे नाव होते, कचेरी तेवढी यवतमाळला. नाव गेले आणि यवतमाळची वारी तेवढी आपल्याकडे राहिली.

कोर्टाने दिवाळखोर ठरवले की तुमची मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, सावकारांची यादी बनते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांपैकी कोणी नवा दावा लावू शकत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. कोर्टाने ठरवलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास सारी मेहनत रद्द होते. बरेच लोक पहिला हुकूम मिळाला की घरी जाऊन झोपतात, ही गोष्ट मला नंतर भेटलेल्या वकिलांनी दोनदा बजावून सांगितली. मुक्ततेपर्यंत पन्नास रुपयांचीही उधारी घ्यायची तर आपण दिवाळखोर आहोत हे समोरच्याला सांगावे लागते, न सांगणे गुन्हा आहे.

यातून काय सुटत नाही ते नीट ऐका. सरकारचे देणे सुटत नाही, लबाडीने केलेले कर्ज सुटत नाही, पोटगी सुटत नाही. बँकेकडे घर गहाण असेल तर बँकेचा त्या घरावरचा हक्क तसाच राहतो. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी ज्या साडूने, ज्या मित्राने तुमच्यासाठी सही केली त्याच्या दारात बँक जाणार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला गाठा, मग माझ्याकडे या, असे त्याला साधारणपणे म्हणता येत नाही. आपल्यात जामीन राहणे ही सवाबाची गोष्ट समजून लोक न वाचता सही करतात. सवाब आहेच, पण कागद वाचून सही केली तर तो कमी होत नाही.

मुक्तता देताना कोर्ट वही मागते. मागच्या तीन वर्षांत धंद्याच्या रिवाजाप्रमाणे हिशेब ठेवले नसतील, बुडालो हे माहीत असताना धंदा रेटला असेल, सट्टा खेळला असेल, किंवा रुपयाला आठ आणेही मिळकत उरली नसेल आणि त्याचे पटणारे कारण देता येत नसेल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. बोंडअळी हे कारण आहे. "वही पावसात भिजली" हे कारण नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम तर आपल्याला सूरह बकरहमध्ये आहे आणि आपणच तोंडी उधारीवर लाखाचा माल देतो-घेतो.

आणखी एक नाजूक बाब. कर्ज अंगावर आले की घर बायकोच्या नावे करून देण्याची घाई होते, आणि आपल्याकडे त्याला मेहरचे नाव दिले जाते. मेहर हे खरोखर कर्जच आहे आणि खऱ्या मेहरच्या बदल्यात प्रामाणिकपणे दिलेली मिळकत ही वेगळी गोष्ट. पण निकाहनाम्यात पाच हजार मेहर आणि दिवाळखोरीच्या आदल्या वर्षी तिच्या बदल्यात दुमजली घर, हे कोणत्या न्यायाधीशाला पटेल? अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते. एका सावकाराला झुकते माप म्हणून तीन महिन्यांच्या आत दिलेली रक्कमही परत मागवली जाऊ शकते. असे केले की कोर्टाचा विश्वास जातो आणि घरही जाते.

तुरुंगाचे भय सर्वांत मोठे असते. नुसते पैसे देता येत नाहीत म्हणून दिवाणी कोर्ट कोणाला तुरुंगात टाकत नाही. ऐपत असून बुडवतो, मिळकत लपवतो, असे दिसले तरच ती वेळ येते. सुप्रीम कोर्टाने १९८० साली हे ठळकपणे सांगितले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही.

कारागिरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आमच्या ओळखीच्या एका शिंप्याच्या घरी जप्ती आली तेव्हा त्याने स्वतःच मशीन उचलून बाहेर आणून ठेवली होती. त्याला वाटले, आता ही जाणारच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात कारागिराची अवजारे, अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही असे लिहिलेले आहे. मशीन परत आत गेली. अर्थात तीच मशीन बँकेकडे तारण असती तर गोष्ट निराळी झाली असती.

सावकाराचे कर्ज असेल तर आधी त्याचा परवाना पाहावा. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात हा दामदुप्पटीचा नियम हिंदू कर्जदारालाच मिळत असे. आजचा कायदा कर्जदाराचा धर्म विचारत नाही. व्याज घेणे-देणे आपल्याला मना आहे हे खरे, पण त्याच शरमेने माणूस सावकाराची तक्रार करत नाही आणि दसपट भरत बसतो, हे मला पटत नाही.

बँकेच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करून तगादा लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. घर तारण असेल आणि बँकेची साठ दिवसांची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. लेखी हरकत घ्या. ताब्याची कारवाई सुरू झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागावी लागते. विदर्भातल्या लोकांसाठी ते नागपूरला आहे. ते काम आपल्या गावच्या वकिलाला जमेलच असे नाही. जमत नसेल तर त्याने तसे सांगावे, आणि जो सांगतो तो चांगला वकील.

वकील निवडताना मी आता तीन-चार गोष्टी पाहतो. वर्तमानपत्रात किंवा भिंतीवर "कर्जमुक्ती हमखास" अशी जाहिरात करणारा वकील असूच शकत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. तो एजंट असतो. वसुलीत किंवा सवलतीत टक्का मागणाराही नियम मोडतो. सनद खरी आहे की नाही हे महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे विचारता येते. फीची पावती मागा, वकालतनामा आणि अर्ज वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. यात कसली लाज? आणि वकील बदलायचा असेल तर फी बाकी आहे म्हणून जुना वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निर्णय आहे. मला हे माहीत नव्हते म्हणून माझे दोन महिने वाया गेले. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. बायकांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

दुसरे वकील मला भेटले तेव्हा त्यांचा पहिला शब्द होता, "वही आणा." दोन संध्याकाळी त्यांनी माझ्याबरोबर बसून देण्याची आणि येण्याची अशा दोन याद्या केल्या. त्यात दिसले की मी बुडालेलो नव्हतो, अडकलो होतो. येणे होते, पण कापसाच्या पुढच्या दोन हंगामांत विखुरलेले. ते म्हणाले, दिवाळखोरीचा अर्ज हे शेवटचे औषध आहे, आधी तडजोड करू. त्या जुन्या कायद्यातही दिवाळखोर ठरल्यावर तडजोडीची वाट आहे. सावकारांची संख्येने बहुमती आणि रकमेने तीन चतुर्थांश तयार झाले आणि कोर्टाने मंजूर केले तर ती सर्वांवर बांधील होते. आम्ही कोर्टाबाहेरच केली. नागपूरला जाऊन पाचही पार्ट्यांपुढे वही उघडी ठेवली. चौघे तासाभरात राजी झाले. पाचव्याने खूप ऐकवले. माझ्या वडिलांच्या नावावर ऐकवले, ते मुकाट्याने ऐकून घेतले. तीस हप्ते ठरले. चेकच्या दोन्ही तक्रारी लोकअदालतीत मिटल्या, तेथला निवाडा पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. मध्ये मार्च २०२० चे लॉकडाऊन आले, सहा हप्ते पुढे ढकलावे लागले. ते मी आधी कळवले आणि लेखी घेतले, त्यामुळे कोणी बोलले नाही.

कोर्टाने मुक्तता दिली तर अल्लाहपुढेही मोकळे का, असे त्या तरुणाने मला विचारले. मी त्याला मौलवी साहेबांकडे पाठवले. माझे स्वतःचे मत विचाराल तर, कोर्ट तकादा थांबवते. ज्याचे पैसे गेले त्याने माफ केले नसेल तर ते वहीत राहतातच, हात मोकळा झाला की द्यावेत. आणि ज्यांचे येणे आहे त्यांनाही अडचणीतल्या कर्जदाराला मोहलत द्यायला सांगितले आहे. हे मी त्या पाचव्या पार्टीपुढे बोललो नाही, कारण ऋणकोच्या तोंडी ते शोभत नाही.

शेवटचा हप्ता २०२१ च्या नोव्हेंबरात दिला. चार पार्ट्यांनी बाकी काही नाही असे लिहून देऊन माझे सिक्युरिटीचे चेक परत केले, ते मी तेथेच फाडले. पाचव्याकडचा एक चेक सापडत नाही म्हणतात. वकिलांनी मला रजिस्टर पत्र लिहायला लावले, चेकचा नंबर टाकून, आणि बँकेतही तसे कळवायला लावले. पत्राची पोचपावती वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे. त्या तरुणालाही मी उद्या वही घेऊन ये म्हणालो आहे. अजून आलेला नाही.